चौदा-चौदाच्या दोन चकत्या

श्री

अंबरनाथ,
ता. २७ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. उमा हिला विष्णुमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडील कुशल नंतर सांगतो. आधी माझ्यावर झालेला घोर अन्याय ऐकून घे. माझ्या आठवीच्या वर्गातलं खिडकीजवळचं बाक पळवण्यात आलं आहे. भरदिवसा, माझ्या डोळ्यांदेखत, दोन धडधाकट माणसांनी ते उचलून शाळेमागच्या व्यायामशाळेत नेलं. धर्मराज सुताराने त्याला खालून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि वरून घोंगडी अंथरली. आता त्या बाकावर पहिलवान उताणे निजतात आणि माझे विद्यार्थी जमिनीवर बसून विभक्त्या चालवतात. चतुर्थीपर्यंत त्यांच्या पायांना मुंग्या येतात आणि षष्ठीला वर्ग लंगडू लागतो. मी हेडमास्तरांकडे दाद मागितली. ते म्हणाले, विष्णुपंत, संस्कृत हजारो वर्षं जमिनीवर बसूनच टिकलं. यावरचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तुला सुचलं तर कळव.

बाक कशाला, तर व्यायामशाळेचं जुनं मोडलं आणि पुढ्यात स्पर्धा आहे. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात टेकचंद म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत, त्यांची लोखंड ओतायची छोटी भट्टी आहे. त्यांनीच तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा विलायती मासिकात पाहिलं की तिकडे आता उभं राहून वजन उचलण्यापेक्षा निजून उचलतात. बाकावर पाठ टेकायची, दोन बाजूंना उभ्या केलेल्या घोड्यांवर ठेवलेला दांडा हातात घ्यायचा, छातीपर्यंत आणायचा आणि वर लोटायचा. त्याला ‘बेंच प्रेस’ म्हणतात. तुझी मामी म्हणाली, पुरुषांनी निजून करायचा पराक्रम शोधून काढला हे बरं केलं, उभ्याने त्यांच्याच्याने काही होत नव्हतं. असो. येत्या १८ डिसेंबरला, रविवारी सकाळी, कॅम्पातल्या बराकींमधल्या मोकळ्या जागेत स्पर्धा आहे. कल्याण, बदलापूर, अंबरनाथ, सगळीकडचे गडी येणार. आमच्याकडून तुझा गुरुदत्त आहे.

हे तुला ठाऊक असेल किंवा नसेल. बदलापूरला काय बातम्या पोचतात ते मला कळत नाही. इथून एकच स्टेशन. चुकलेली म्हैससुद्धा तिथून संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी परत येईल. एवढ्या अंतराला मी पाकीट आणि तिकीट वापरतो आहे, कारण मागच्या खेपेला मी स्वतः आलो तेव्हा तू आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस. तक्रार नाही. माईने चहा चांगला केला होता. आमची थोरली बहीण असूनही तिने मला दोनदा विचारून साखर घातली, यावरून तिची मनःस्थिती ओळखली.

गुरुदत्त बरा आहे. कारखान्यात नियमित जातो. मामी त्याच्या खोलीत दोन्ही वेळचं ताट नेऊन देते. वाढलेलं खातो. पूर्वी मीठ कमी आहे, चटणी कुठे आहे, अशी टीका करायचा. आता करत नाही, म्हणून मामी थोडी बेचैन असते. टीकेची सवय लागते माणसाला.

तुला आठवत असेल, याच्या चित्ताला मी दोन वर्षं वळण लावत होतो. अंगात बळ भरपूर, पण दांड्याखाली निजला की मन गावभर हिंडायचं. लंगोटाची गाठ पुन्हा तपासायची. छपरावरची पाल खाली पडेल का, याचा अंदाज घ्यायचा. हात दांड्यावर ठेवून मला विचारायचा, मामा, आमच्या खोलीची कडी मी लावली का हो? मी त्याला तुळईतली एक गाठ दाखवून दिली होती, बाकाच्या बरोबर वर, रुपयाएवढी. म्हटलं, तिच्याकडे बघ, बाकी जग नाही असं समज. मन कसं हवं, तर वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्यासारखं. तो पटकन उठून बसला आणि म्हणाला, बरं आठवण केलीत, रॉकेल संपलंय, उमाने सांगितलं होतं. त्या दिवशी मी शिकवणी सोडली होती.

आता तसं राहिलेलं नाही. पावसाळ्यानंतर त्याने पुन्हा लोखंडाला हात लावला आणि आम्ही पाहतच राहिलो. येतो, निजतो, गाठीकडे बघतो. पापणी हलत नाही. भोवती माणसं गप्पा मारोत, कारखान्याचा भोंगा होवो, याला त्याचं काही नाही. कल्याणचे दोन गडी मुद्दाम बघायला आले होते, जाताना माझ्या पाया पडले. त्यांना वाटलं ही विद्या माझी. मी नाही म्हटलं नाही.

दोन वर्षं जे शिकवलं ते विद्यार्थ्याला आलं. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

झोप लागते का तुला? एवढंच कळव. एका ओळीचं कार्ड पुरे.

तुझा,
विष्णुमामा

ता. क. व्यायामशाळेतल्या तराजूवर कोणीतरी गोणपाट टाकून ठेवलं आहे. कोणी काढत नाही. मीही काढलं नाही.

*

श्री

अंबरनाथ,
ता. ८ डिसेंबर १९५५

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

कार्ड आलं नाही. टपालखात्यावर ठपका ठेवून मी मोकळा झालो आहे. तूही तसंच कर.

माझ्या प्रतिष्ठेला आणखी एक धक्का बसला आहे. व्यायामशाळेची किल्ली आता माझ्याकडे असते. ती ठेवायला सुरक्षित जागा एकच, म्हणून जानव्याला बांधली. काल फळ्यावर लिहिताना खडू पडला, तो उचलायला वाकलो, तर वीतभर लांबीची लोखंडी किल्ली गळ्यातून बाहेर येऊन घंटेसारखी डोलू लागली. वर्गाने मला तत्क्षणी ‘किल्लेदार’ ही पदवी दिली. रात्री कुशीवर वळलो की ती बरगडीत रुतते. मामी म्हणते, आजवर तुमच्याजवळ उघडण्यासारखं काही नव्हतं, आता किल्ली आली, कुलूपही सापडेल.

किल्ली माझ्याकडे का, तर मी व्यायामशाळेचा चिटणीस आहे, आणि कुलूप वेळेवर लावलं-काढलं जावं हे चिटणिसाने पाहायचं असतं. कारण एवढंच, निव्वळ कारभाराचं.

आमच्या उस्तादांचं आणि गुरुदत्तचं सध्या पटत नाही. महिपती उस्ताद तुला माहीत आहेत. भाताची शेती, कुस्तीत मोडलेला कान, आणि कोणाचीही भीड न ठेवणारी जीभ. वाद आहे अंग तापवण्यावरून. त्यांची रीत ठरलेली. आधी चार जोर, खांद्याभोवती मुद्गल फिरवायचं. मग नुसता दांडा घेऊन निजायचं, त्यावर एक चकतीसुद्धा नाही. मग एकेक चकती चढवायची. मध्ये बसायचं ते घोंगडी पांघरून, म्हणजे आलेली ऊब जात नाही. उस्ताद म्हणतात, हाडांना आधी निरोप धाडावा लागतो की बाबांनो, पाहुणा येतोय. गुरुदत्त यातलं काहीच करत नाही. थंडीने हात आखडलेले असताना सरळ भरल्या दांड्याखाली जाऊन निजतो. घोंगडी कोणी खांद्यावर टाकली तर ती राहू देतो, पडली तर उचलत नाही.

उस्ताद परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, ज्याला उद्याला खांदा पायजे तो आंग तापवतो. तुमच्या जावयाला इचारा, त्याला उद्याला खांदा नको का?”

मी विचारलं नाही. व्याकरणाच्या मास्तराने शरीरशास्त्रात तोंड घालू नये.

दुसरं एक. आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. पूर्वी एका गड्याची गळ्याखालची हासळी मोडली तेव्हापासून उस्तादांनी ती घालून दिली. दोघे बाजूंना उभे राहतात, एक डोक्याशी. निजलेल्याने दांडा उचलण्याआधी डोक्याशी असलेल्याला विचारायचं, “आहात?” त्याने म्हणायचं, “आहे.” तोवर लोखंड घोड्यावरून हलवायचं नाही. बहुधा मीच डोक्याशी असतो, कारण मला दुसरं काही येत नाही. हल्ली गुरुदत्त विचारत नाही. मी आपला न विचारताच “आहे” म्हणतो. रिकाम्या खोलीत हजेरी दिल्यासारखं वाटतं.

टेकचंदशेटही वैतागलेत. गुरुदत्तने त्यांच्याकडे दोन चकत्या ओतायला सांगितल्या, चौदा-चौदा पौंडांच्या. साऱ्या चकत्या पाचाच्या, दहाच्या, पंचवीसच्या. यात चौदा कुठे बसवायच्या? शेट म्हणाले, साईं, ये कौन सा हिसाब है? गुरुदत्त म्हणाला, शेवटच्या खेपेला मला त्याच लागतील. म्हणजे आजवर त्याने जास्तीत जास्त जेवढं पेललं आहे ते दांड्यावर असणार, आणि वर या दोन. शेटनी कुरकुरत साचा केला. आता चकत्या तयार आहेत. मी हातात घेऊन पाहिल्या, कडा नीट घासलेल्या आहेत. त्याने स्वतः कारखान्यात नेऊन घासल्या म्हणे, मुलाचं खेळणं घासावं तशा, कुठे टोचू नये म्हणून.

आता एक नाव लिहितो. तुला पत्र खाली ठेवावंसं वाटलं तर ठेव, मग पुन्हा उचल.

चिमी व्यायामशाळेत येऊन मोजायची ते तुला आठवतं. बापाच्या उशाशी उभी राहून, हात मागे बांधून, उस्तादांच्या थाटात: एक, दोन, चार. तीन तिला कधी सापडलाच नाही. मी तिला किती समजावलं, संख्या ही अनादि आहे, तिच्यातून एक आकडा आपल्याला गाळता येत नाही. ती म्हणाली, मी गाळला. मग सगळी व्यायामशाळा तसंच मोजू लागली. कल्याणचे लोक हसायचे. अंबरनाथचे गडी दहा म्हणतात तेव्हा नऊच झालेले असतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

अजूनही तसंच मोजतात, उमा. ती गेली, त्याला आता सात महिने होतील. कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही, पण तीन म्हणायला कोणाची जीभ उचलत नाही. उस्ताद स्वतः दोनानंतर घसा खाकरतात आणि चार म्हणतात.

गुरुदत्तपुढे मात्र कोणी मोजत नाही. 

माईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, थंडीत ओट्यावर बसून भाजी निवडू नये. ऐकणार नाही, तरी सांग.

तुझा,
विष्णुमामा

*

श्री

अंबरनाथ,
ता. १६ डिसेंबर १९५५, शुक्रवार

चि. सौ. उमास आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझी मामी स्वतः घेऊन येते आहे. ती ओसरीवर बसेल, माईशी गुडघ्याबद्दल बोलेल, तुला काही विचारणार नाही. तसं तिने मला वचन दिलं आहे. तिच्या स्वभावाला ते किती जड जाईल हे तू जाणतेस.

आज तक्रार नाही. शोधली, पण सापडली नाही.

किल्लीचं जे कारण मी लिहिलं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. पुरं सांगतो.

मागच्या पत्राच्या आठवडाभर आधी, एका सकाळी मी विहिरीवर आंघोळीला चाललो होतो. नुकतं उजाडत होतं. व्यायामशाळेच्या पत्र्याआडून लोखंड वाजलं. तुला ठाऊक आहे, त्याचे दोन आवाज असतात. दांडा घोड्यावरून निघतो तेव्हा एक, परत ठेवतात तेव्हा दुसरा. मी बादली हातात धरून दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

दार उघडंच होतं. गुरुदत्त बाकावर निजलेला. डोक्याशी कोणी नाही, बाजूंना कोणी नाही. दांडा त्याच्या छातीवर टेकलेला, गळ्याच्या जरा खाली. हात दांड्याभोवती होते, पण लोटत नव्हते. तो झगडत नव्हता, उमा. झगडणारा माणूस मी पाहिला आहे, त्याचे पाय झाडतात, मान ताठते, तोंड लाल होतं. याचे पाय जमिनीवर नीट टेकलेले होते आणि डोळे तुळईतल्या गाठीवर. चेहरा शांत. ज्या चेहऱ्याचं मी तुला कौतुक लिहिलं, कल्याणच्या पोरांकडून ज्याच्यासाठी पाया पडून घेतलं, तोच.

मी दांड्याखाली दोन्ही हात घातले. मी आयुष्यात जडातलं जड काही उचललं असेल तर ते शब्दकोश. दांडा केसभरही हलला नाही. त्याला म्हटलं, गुरुदत्त, लोट. त्याला ऐकूच गेलं नाही. बाकी जग नाही असं समज, हे मीच त्याला शिकवलं होतं ना. त्या जगात मीही होतो. हाक मारायला भोवती कोणी नव्हतं. त्याचा श्वास आखूड होत होता. आणि मग माझ्या तोंडून ते का निघालं, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, एक. मग दोन. मग, तीन गाळून, चार.

त्याचे डोळे गाठीवरून निघाले. कोपरं हलली. दांडा वाकडातिकडा वर गेला, घोड्याला घासला आणि पडला एकदाचा जागेवर.

तो उठून बसला. छातीवर लाल वळ उमटला होता. मी त्याच्यासमोर नुसत्या पंच्यात उभा. तो म्हणाला, “मामा, जरा विसावलो होतो.”

एवढंच. मग उठून कारखान्यात गेला. मी कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. त्या दिवसापासून तो एकटा नसतो. दिवसा कारखान्यात धर्मराजचा भाऊ त्याच्या शेजारच्या यंत्रावर आहे, त्याला सांगून ठेवलं आहे. रात्री मी त्याच्या खोलीत झोपतो, माझ्या खोलीत ढेकूण झाले अशी सबब सांगून. मामीने ती बदनामी सोसली.

उस्तादांना सांगितलं. ते बाकाला पाठ लावून खाली बसले. टेकचंदशेटकडे जाऊन म्हटलं, स्पर्धा रद्द करा, नाहीतर याचं नाव तरी काढा. मला वाटलं होतं मला सारं समजावून सांगावं लागेल. नाही लागलं. ते म्हणाले, “मास्टरजी, ऐसा चुप हमने बहुत देखा है. इसी कॅम्प में, पहले साल. जो रोते थे, झगड़ते थे, राशन की लाइन में गाली देते थे, वो सब बच गये.”

एवढं बोलून ते भट्टीकडे बघत राहिले. त्यांची आई त्या वर्षी गेली, तीही गप्प बसूनच, हे मला नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं. नाव काढायला मात्र ते तयार झाले नाहीत. म्हणाले, इथे नाही उचललं तर कुठेतरी एकटा उचलेल, इथे निदान आपण बघू तरी शकतो. रविवारी बाकाभोवती त्यांची चार माणसं उभी राहणार आहेत, लोखंड ओतणारे, दणकट. डोक्याशी उस्ताद. मी नाही. माझ्या हातांची परीक्षा झालेली आहे.

आता ज्याच्याभोवती मी तीन पत्रं फिरतो आहे, तिथे येतो.

चिमीला घटसर्प झाला, त्या रात्रीनंतरच्या पहाटे गुरुदत्त तिला छातीशी धरून इथून कॅम्पातल्या डॉक्टरांकडे धावत गेला. टांगा मिळाला नाही, थांबून वाट पाहण्याची सोय नव्हती. मी मागून येत होतो आणि मागेच राहत होतो. डॉक्टर ओसरीवरच भेटले. तिला बाकावर निजवून तपासलं आणि मान हलवली. तू आणि माई मागून आलात. तेव्हा तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, “एवढं उचलता तुम्ही, आणि ती तेवढी नाही पेलली?”

मी तिथेच उभा होतो. तू ते रागाने म्हटलं नाहीस. ते त्याला उद्देशूनही नव्हतं, तुझ्यासमोर जो होता त्याला तू म्हणालीस. देव समोर असता तर त्याला म्हणाली असतीस. ते मला कळलं, माईला कळलं, डॉक्टरांनाही कळलं असेल. त्याला नाही कळलं. त्याला प्रश्न विचारलेला होता, आणि तो उत्तर द्यायला निघाला आहे.

मागल्या वर्षीच्या दिवाळीत चिमीने हट्ट करून पहिलवानांच्या तराजूवर स्वतःचं वजन करून घेतलं, आठवतं? आणि चाळभर दारोदार सांगत हिंडली. आमच्याकडे तर दोनदा सांगून गेली, एकदा चिवड्याआधी, एकदा नंतर. अठ्ठावीस.

त्या दोन चकत्या चौदा-चौदाच्या आहेत, उमा.

त्याने हे कोणाला सांगितलेलं नाही. मीच परवा गोणपाट टाकलेल्या तराजूपाशी उभा होतो तेव्हा बेरीज झाली. एवढ्या साध्या बेरजेला मला इतके दिवस लागले.

तुला बोलावण्याचा मला अधिकार नाही. तुझं ओझं तुलाच माहीत. तुझ्यावर त्याचंही टाकणं हा अन्याय आहे, आणि बाकाच्या अन्यायासारखा तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. तू नाही आलीस तर तुला कोणी दोष देणार नाही. तसा दोष देणारा निघालाच तर त्याने आधी मामीची गाठ घ्यावी. आम्ही सगळे तिथे आहोत, आणि माणसाच्या हातून होईल तेवढं करू.

पण येऊ शकलीस, तर मामीबरोबर ये. सकाळी नवाच्या आत उल्हासनगरला पोचायला हवं. त्याला काही समजावू नकोस, क्षमा मागू नकोस, रडू नकोस असंही मी म्हणणार नाही. त्याच्या खांद्यावर घोंगडी टाक. नुसत्या दांड्यापासून सुरू करायला लाव, तू सांगितलंस तर ऐकेल. आणि तो निजला की उशाशी उभी राहून मोज. तिच्यासारखं. मी मोजलं तर त्याने एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकेल याची मला खात्री नाही, माझा आवाज तिच्या आवाजासारखा नाही. तुझा आहे.

आजवर लिहिलं की तो बरा आहे, जेवतो, स्पर्धेची तयारी उत्तम चालली आहे. त्यात खोटं काही नाही. तयारी खरोखर इतकी उत्तम मी कोणाची पाहिलेली नाही. पण दोन वर्षं ज्याचं मन कडीकडे, रॉकेलकडे, पोरीच्या दुधाकडे धावत होतं, त्याचं मन एकाएकी स्थिर झालं, ते माझ्या शिकवण्याने नव्हे. धावायला त्याला आता काही उरलं नाही, म्हणून ते थांबलं आहे. मला ते थांबलेलं मन नको. मला त्याने पुन्हा विचारायला हवं आहे, मामा, मी कडी लावली का हो.

रविवारी तो हरेल, याची मला भीती नाही. दांडा छातीवर घेतल्यावर तो तिला उचलणार आहे की तिच्याजवळ राहणार आहे, ते मला कळत नाही. मला फार भीती वाटते आहे, उमा.

उत्तर लिहू नकोस. मामी ओसरीवर बसली आहे.

किल्ली गळ्यात घालून जागा असलेला,
तुझा विष्णुमामा